खालच्या भिंतीवरची तार

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

माजलगाव,
गुरुवार, १२ फेब्रुवारी १९९८

साखराबाईस,

तळमजल्यावरून बसम्माचा शरणार्थ. आम्ही दोघं बरे आहोत. तू बरी आहेस हे जिन्यातल्या पावलांवरून कळतं, म्हणून विचारत नाही. तुझे मालक नाथाभाऊ मेंढरं घेऊन गोदेकाठी गंगथडीला गेलेत असं ऐकलं. सुखरूप पोचले असतील.

एका इमारतीत राहून पत्र लिहायची पाळी आणलीस माझ्यावर. तीन मजले फक्त! चौदा महिने झाले, जिन्यात समोर आले की पदर ओढून भिंतीकडं तोंड करतेस. दार वाजवलं तर आतून टीव्ही मोठा करतेस. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवणार आहे. अक्षर मोठं काढलंय. चष्मा लाव, आणि चुलीत घालायचं असलं तर सगळं वाचून मग घाल.

कालच्या मीटिंगमधलं तुझं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. लाइनमन धर्मराज बिचारा किती समजावून सांगत होता. गावात फोनची नवी केबल आली, आपल्या इमारतीला एक डबा मिळणार, तो आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर बसणार आणि त्यातून दहा घरांना दहा तारा जिन्यानं वर जाणार. सगळ्यांनी सह्या केल्या. तुझी पाळी आली तर तू उभी राहून म्हणालीस, "अण्णाच्या भिंतीवरून आलेली तार माझ्या घरात नको. त्या फोननं मला माझ्या मायच्या तोंडात पाणी घालू दिलं न्हाई."

चारचौघांत! आमचे हे, तुझे अण्णा, समोरच बसले होते. सगळे गेल्यावर सतरंजी झटकली, घडी घातली, आणि न जेवता आडवे झाले. तुला काही वाटलं का ग? ज्या माणसानं सात वर्षं तुमचे निरोप पोचवले त्याला असं बोलायचं?

सात वर्षं इमारतीत फोन एकच, आमचा. लग्नपत्रिकेवर आमचा नंबर, नोकरीच्या अर्जावर आमचा नंबर, पुढं कंसात पी.पी., शेजाऱ्यांचा फोन म्हणून. ताटावरून उठून हे जिन्यात उभे राहून हाका मारायचे. कौशल्याबाई तर भावाच्या फोनची वाट बघत आमच्या सोफ्यावर बसून दोन-दोन कप चहा प्यायची. काल तीच म्हणते, "बरं झालं बाई, आता लोकांच्या दारात जायला नको." लोकांच्या! असा संताप आला, उठून तोंडावर काहीतरी बोलणार होते. पण तिच्याशी भांडून मला काय करायचंय? ती कधी माझी नव्हतीच. तू होतीस.

तुम्ही इथं राहायला आलात तेव्हा जिन्यात लोकरीचा वास येतो म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पहिला पाण्याचा हंडा तुझ्या घरी कुणी चढवला? आणि मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर माझ्या भाकरी कुणी थापल्या? हे सगळं एका फोनपायी गेलं.

त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नव्हतं. आधी तुझ्या ऋतुजाचं लिहिते.

आज सकाळी ऋतुजाचा औरंगाबादहून फोन आला. कालचं तुझं बोलणं मी सांगितलं तशी रडायला लागली. म्हणाली, "मावशी, आई फोन घेत न्हाई म्हणती, असं कावून करती? डॉक्टरनी सोमवार सांगितलाय. रात्री-अपरात्री दुखायला लागलं तर तुमाला कितीदा तरास देऊ?" दुसरं बाळंतपण सासरी, जवळ आपलं माणूस नाही, आणि पोरीला आईशी बोलायला माझं दार वाजवावं लागतं. तुझा राग माझ्या घरावर आहे ना? मग पोरीला शिक्षा कशाला?

धर्मराज उद्या दुपारपर्यंत आहे. दहावी तार शेजारच्या इमारतीतला बद्रीनाथ मागतोय. तुझी सही झाली नाही तर ती त्याला जाईल, आणि पुढचा डबा कधी येईल हे धर्मराजलाही माहीत नाही.

आता ते लिहिते.

त्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला तेव्हा हे घरात नव्हतेच. सिंदफणेच्या काठाकडं फिरायला गेले होते. घरात मी एकटी होते. आणि मी आंघोळीतही नव्हते. पूजेला बसले होते, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलेलं. तुला माहीत आहे, एकदा लिंग हातात घेतलं की पूजा होईपर्यंत मी उठत नाही, बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम. फोन वाजून थांबला. परत वाजला. परत. मी डोळे मिटून मनात म्हटलं, कुणाचा तरी असेल, करतील परत. चौथ्यांदा उचलला तेव्हा पूजा झाली होती आणि तुझा भाऊ धुळाजी नांदूरघाटहून ओरडत होता, "मायचं काय खरं न्हाई, अक्काला लगेच लावून द्या!" मी धावत वर आले. तोवर पावणेआठची गाडी गेली होती.

तू माती देऊन परत आलीस आणि विचारलंस, धुळाजी सातपासून फोन लावत होता, उचलला का नाही? तेव्हा मी म्हणाले, "मी आंघोळीत होते, हे होते बाहेरच्या खोलीत." हे माझ्या मागंच उभे होते, साखराबाई. त्यांनी ऐकलं. तू त्यांना म्हणालीस, "पेपर वाचत बसलता व्हय अण्णा?" तर मान खाली घातली, पण मला खोटं पाडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन बाहेरच्या खोलीतून उचलला आणि पूजेच्या पाटाजवळ स्टुलावर आणून ठेवला. बोलले काहीच नाहीत. आजवर नाही.

चौदा महिने मी त्या स्टुलाशेजारी बसून पूजा करते आहे. तुझ्यावर चिडते, ह्यांच्या गप्प राहण्यावर चिडते, आणि खरा राग कुणाचा आहे ते तुला आता कळलंच. धीर नव्हता ग माझ्यात. तू मला सोडशील याची भीती वाटली, आणि तू तर तशीही सोडलीस.

आज ऋतुजाचा फोन आला तेव्हाही मी पूजेतच होते. डाव्या हातात लिंग होतं, उजव्या हातानं फोन घेतला आणि बोलले. देवानं काही केलं नाही मला. त्या दिवशीही केलं नसतं.

फॉर्म सोबत आहे, फुलीच्या जागी सही कर. मला माफ कर असं म्हणत नाही, तेवढं तोंड नाही माझं. ह्यांना मात्र जिन्यात दिसले की एकदा अण्णा म्हणून हाक मार. त्यांचा काही दोष नव्हता.

आणि तुझा फोन लागला की पहिला मला कर. सकाळी सातला कर, मुद्दाम. शिव्या द्यायच्या असल्या तरी दे. पहिल्याच घंटेला उचलीन.

तुझ्या मायची अपराधी,
खालची बसम्मा