त्या बाईची आई

मिशन शाळा, मलावी
दि. ९ फेब्रुवारी २०२४

चि. रविकिरण यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इथं टेकडी चढल्याशिवाय फोन लागत नाही, आणि आई फोनमधल्या आवाजाला घाबरते म्हणतोस. म्हणून आता पत्रच. तिला वाचून दाखव.

माझ्या वर्गात चौऱ्याण्णव पोरं, बाकं वीस. सोमवारी चिसोमो नावाच्या मुलीला स्वतःचं नाव लिहिता आलं. तीन वर्षं झटत होती. तेव्हापासून तिनं ते शाळेच्या दारावर, माठावर, पांढऱ्या बकरीच्या पाठीवरसुद्धा कोळशानं लिहून ठेवलंय. मी रागवायला गेले आणि हसतच बसले. शनिवारी उखळात शेंगदाण्याची चटणी कुटली. हेडमास्तरांच्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुन्हा मागून घेतली.

फोटोत तू सुकलेला दिसतोस. लग्नाचं मनावर घे, नाहीतर मी इथलीच एखादी सून आणीन. आईच्या गोळ्या चुकवू नकोस.

तुम्हा दोघांवर जीव असलेली,
गीताताई

रेणापूर
दि. ६ मार्च २०२४

ती. गीताताईस,
रविकिरणचा सा. सलाम. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. खरं लिहितो, तू आनंदात आहेस हे वाचून बरं वाटतं आणि रागही येतो. परवा आई अनवाणी घरातून निघाली. तासाभरानं बसस्टँडवर लातूरच्या गाडीत बसलेली सापडली. कंडक्टरला म्हणाली, मी पंचफुलाबाई, बालवाडीची वेळ झाली. तिची बालवाडी सुटून अकरा वर्षं झाली, ताई.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसर वाढतच जाणार, गोळ्यांनी फक्त थोडा उशीर होईल. मी मेडिकलच्या ड्यूटीवर जातो तेव्हा शेजारच्या गुरम्माकाकू त्यांची शिवपूजा आटोपून आईजवळ बसतात. पण त्यांचेही गुडघे गेलेत. मी आईला कधी व्यंकटरावमामा वाटतो, कधी भाडेकरू. काल तिनं मला विचारलं, खोली कधी सोडणार.

मला एकट्याला जमून नाही राहिलं. दोन महिने तरी ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून असलेला,
रवी

मिशन शाळा, मलावी
दि. २ एप्रिल २०२४

चि. रवी यास,
अ. आ.

तुझं पत्र वाचून मी त्याच दिवशी राजधानीची बस धरली. सात तास लागतात. राहण्याच्या परवान्यासाठी पासपोर्ट तिथं दिलाय. तो हातात येईपर्यंत देश सोडता येत नाही. थांबा म्हणाले. किती दिवस, ते त्यांनाही माहीत नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा गेले, पुन्हा तेच.

वर्गात पोरं गाणं म्हणतात आणि मला हसू येतं. लगेच तू आठवतोस आणि स्वतःची लाज वाटते. प्रार्थनेला बसते तर नुसतं आईचं नाव घेऊन उठते. यापुढं हसण्याचं काही लिहिणार नाही. आई जेवते का, झोपते का, एवढं कळव.

तुझी अपराधी,
ताई

रेणापूर
दि. २८ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सा. सलाम.

असं पत्र पुन्हा लिहू नको. मी ते आईला वाचून दाखवायला घेतलं तर तिनं मध्येच कागद काढून घेतला, घडी घालून परत दिला, आणि उशीखालचं तुझं पहिलं पत्र पुढं केलं. रोज तेच वाचावं लागतं. बकरीपर्यंत आलो की ती तोंड उघडते, मग घास भरवतो. राग आला होता तो मी गिळला, ताई. तुझ्या त्या पत्रावरच तिचं जेवण होतं.

काल तिनं विचारलं, "ही कुनाची लेक हाय?"

मी म्हणालो, तुझीच. गीतांजली.

तिनं मान हलवली. "माझी न्हाई. माझी गीता बारकी हाय, दुसरीत." मग पत्रावरून हात फिरवत म्हणाली, "पन ही बाई लई चांगली हाय. तिला लिही, एकदा आईला भेटून ये म्हनावं. वाट बघून राहिली असंल ती."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. पत्राचा उरलेला भाग गुरम्माकाकूंनी वाचला.

निरोप दिला होता, तो पोचवला.

तुझा,
रवी

मिशन शाळा, मलावी
दि. २४ मे २०२४

श्रीमती पंचफुलाबाई यांस,
मलावीहून बाईचा सलाम.

तुमचा निरोप पोचला. माझी आई रेणापूरलाच असते. तिनं बालवाडीत पोरांना शिकवलं, तिचं बघूनच मी शिक्षिका झाले. मला तिच्याकडं यायचंय, पण कागद अजून सुटलेले नाहीत. सुटले की त्याच दिवशी निघणार. ती आता मला ओळखत नाही म्हणतात. तरी येणार.

इथं मक्याची काढणी चालू आहे. आज प्रत्येक पोरानं माझ्यासाठी एकेक कणीस आणलं. त्या ढिगामुळं वर्गात बसायला जागा उरली नाही, म्हणून आंब्याखाली शाळा भरवली. तिथं कुणाचंच अभ्यासात लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं. तुम्ही असता तर हसला असता.

रवी घास भरवतो तेव्हा जेवत जा. तो तुमचा भाडेकरू नाही, फार चांगला मुलगा आहे.

तुमची गीता दुसरीत आहे असं कळलं. लहान आहे, तिला जवळ घेऊन झोपत जा.

तुमच्या मायेत थोडी जागा मागणारी,
मलावीची बाई