लिहून घेणार

५ मार्च

सांगून टाकलं एकदाचं! जेवायला बसल्यावर, पहिल्या घासालाच. "मी घर घेतेय." वहिनीचा डाव पातेल्यातच राहिला. दादाने विचारलं, "कुणासाठी?"

कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी! बासष्टाव्या वर्षी बाईने स्वतःसाठी घर घेतलं तर तिला काहीतरी झालंय असंच धरतात. "इथे काय कमी आहे छोटी तुला?" कमी काहीच नाही, तेच तर सांगता येईना. हे घर वडिलांनी बांधलं. ते गेल्यावर दादाचं झालं — म्हणजे आम्ही सगळे तसंच म्हणतो. मी जिन्याखालच्या खोलीत. पाहुणे आले की हॉलमध्ये. "तेवढी सरक ना जरा" हे ऐकत चाळीस वर्षं काढली. आता सरकले तर थेट माझ्या दारात जाऊन थांबणार.

८ मार्च

घर पाहिलं. दोन खोल्या, तळमजला, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. मालक घड्याळं दुरुस्त करायचे. आता लेकीकडे राहायला निघालेत. भिंतीवरची घड्याळं उतरवलीत, तिथे गोल गोल स्वच्छ डाग राहिलेत, वीसेक तरी असतील. म्हणाले, "रंग लावाल तेव्हा झाकून टाका हो. नाहीतर तुम्हाला सारखी वेळ विचारतील." आणि स्वतःच हसले. मला आईची आठवण झाली. तीही डोळे भरले की विनोद करायची.

घर दाखवणाऱ्या दलालाचं नाव मी "होऊन जाईल" ठेवलंय. काहीही विचारा — होऊन जाईल!

१० मार्च

वकीलबाईंकडे जाऊन आले. तरुण आहे, केसात पेन्सिल खोचते आणि मग टेबलभर शोधत बसते. मी वहीतून प्रश्न वाचत गेले. घर खरंच त्यांचंच, हे कशावरून धरायचं? त्यावर कर्ज असेल तर मला कसं कळणार? इसार दिल्यावर त्यांचा विचार बदलला तर? ताबा कधी घ्यायचा, सही आधी की किल्ली आधी? आणि शेवटचा — तो विचारताना आवाज का बारीक झाला कोण जाणे — एकटीच्या नावावर होतं का?

"होतं की! उलट सोपं जातं," ती म्हणाली. "लोक माझ्याकडे येऊन एकच विचारतात, किती दिवस लागतील. तुम्ही पहिल्याच, ज्यांनी मलाच परीक्षेला बसवलं." जुने कागद तपासते म्हणाली, तीस वर्षांमागपर्यंत. तोवर एक पैसाही द्यायचा नाही.

"होऊन जाईल"ला हे सांगितलं. त्याचं तोंड कडू झालं. "अहो मॅडम, एवढं कोण बघतं?"

मी बघते.

१३ मार्च

दादाने तोडगा काढला. "जोडीला माझं नाव घाल. तुझ्यामागे भानगड नको." किती मायेने म्हणाला! मी विरघळलेच होते. तरी वकीलबाईंना फोन केला. ती म्हणाली, जोडीला नाव म्हणजे नुसती सोबत नव्हे, ते मालक होतात. पुढे तुम्हाला घर विकायचं झालं तर त्यांची सही लागेल. मागे राहणाऱ्यांची काळजी असेल तर मृत्युपत्र करा.

हे जसंच्या तसं दादाला सांगितलं. "ती बाई फूस लावतेय तुला." मी म्हटलं, "दादा, मला आजवर कुणी फूस लावलीच नाही. एकदा लावू दे की!" वहिनी फिसकन हसली. मग दादाने पाहिल्यावर खोकली.

१४ मार्च

दादा बोलत नाही. मीही नाही.

१९ मार्च

कागद स्वच्छ! घर त्यांचंच, एकट्याचंच, कर्ज नाही, दावा नाही. इसार दिला, पावती घेतली. घड्याळवाल्यांनी पावतीवर तारखेबरोबर वेळही घातली — अकरा वाजून सतरा मिनिटं.

२२ मार्च

खरेदीखताचा मसुदा आला. अकरा पानं. पहिल्याच पानावर मी अडखळले. त्यात ना खरेदीदार, ना विक्रेता. "लिहून देणार" आणि "लिहून घेणार". आता यात मी कोण? पैसे मी देणार, म्हणजे मी देणार? की घर घेणार, म्हणून घेणार? कॉन्व्हेंटमध्ये मराठी आमची दुसरी भाषा होती, तीही आठवड्यातून तीनदा, जेवणानंतर पेंगताना. वकीलबाईंना विचारलं. जो हक्क लिहून देतो तो "देणार", म्हणजे घड्याळवाले. मी "लिहून घेणार".

कितीदा तरी मोठ्याने म्हणून पाहिलं. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर सगळं लिहून दिलं. सुट्ट्या लिहून दिल्या, बदलीच्या पाळ्या लिहून दिल्या. घेणार पहिल्यांदाच झालेय.

२३ मार्च

सापडलं! सातव्या पानावर!

व्याकरण शिकवणाऱ्या सिस्टर आम्हाला प्रत्येक वाक्यातला कर्ता लाल पेन्सिलीने अधोरेखित करायला लावायच्या. म्हणायच्या, "फाइंड हू इज डूइंग इट, माय चाइल्ड." आज सगळा मसुदा तसाच वाचला, प्रत्येक "देणार"खाली लाल, प्रत्येक "घेणार"खाली निळी. पान सात, कलम बारा: "सदर मिळकतीचा ताबा लिहून घेणार यांनी लिहून देणार यांस आज रोजी दिला." म्हणजे मी त्यांना ताबा दिला! पैसेही मीच द्यायचे, घरही मीच द्यायचं!

"होऊन जाईल" म्हणाला, टायपिंग हो मॅडम, अर्थ कळतो ना सगळ्यांना? दादा म्हणाला (चौदा तारखेनंतरचं पहिलं वाक्य!), "एका शब्दासाठी दिवस वाया घालवतेस?" घालवते. दिवस माझा आहे.

वकीलबाईंना दाखवलं तर केसातली पेन्सिल खाली पडली. "माझ्या नजरेतून सुटलं. सॉरी." पुढे म्हणाली, "उद्यापासून माझ्याकडे कामाला या."

२६ मार्च

आज दादा खोलीत आला. खाटेच्या कडेवर बसला, डोकं जिन्याला आपटू नये म्हणून वाकून. "साक्षीदार लागतील ना? मी येतो." माझ्या डोळ्यात पाणीच आलं. मला शाळेत हाच पोचवायचा. फाटकातून आत जायला मी घाबरायचे, तर हा बाहेर गजांना धरून उभा राहायचा, मी वर्गात शिरेपर्यंत. स्वतःच्या शाळेत उशीर झाला म्हणून कितीदा छड्या खाल्ल्या असतील.

आम्ही भांडलो ते उगाच, असं वाटलं.

२९ मार्च

झालं. नोंदणी झाली.

ऑफिसात पंख्याखाली तीन तास. कारकून म्हणाला, "एकट्याच? मिस्टर? मुलगा?" म्हटलं, "नाहीत. नाही. पुढचं विचारा." मग अंगठा. मशीन घेईना! कागद चाळून चाळून रेषाच झिजल्यात माझ्या. पाचदा दाबला. "आजी, जोरात." मी म्हटलं, "आजी कुणाची? इथे मी लिहून घेणार आहे!" मागच्या बाकावरची बाई टाळ्या वाजवायला लागली. सहाव्यांदा हिरवा दिवा लागला.

दादाने साक्षीदाराच्या जागी सही केली, ठळक, वडिलांसारखी. घड्याळवाल्यांनी किल्ल्या दिल्या, म्हणाले, "न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो. रागावू नका त्याच्यावर." आणि पाठ फिरवून चष्मा पुसत बसले. मी चहाला यायचं वचन घेतलं त्यांच्याकडून. डाग झाकणार नाही म्हणून सांगितलं. विचारू देत वेळ.

१ एप्रिल

दोन पेट्या, पुस्तकांचं एक खोकं, आईची शिवणाची मशीन. इतकंच निघालं माझं. वहिनी मशीनला जुनी चादर गुंडाळून देत होती आणि सारखी म्हणत होती, "राहा ना गं आणखी दोन दिवस." मी राहत नाही म्हणून ती रागावलीये. तिची माया अशीच, रागावलेली.

२ एप्रिल

टेम्पो दाराशी आलेला. दादा एक कागद घेऊन आला, पेन उघडूनच. "आता तू चाललीसच, तर एवढी सही कर छोटी. वडिलांच्या घरातला तुझा हिस्सा सोडल्याचा कागद. नुसतं नावापुरतं."

सगळा वाचला. दोनदा. मग विचारलं, "दादा, माझा हिस्सा होता?"

तो टेम्पोकडे बघत राहिला. आतून वहिनी म्हणाली, "मी सांगितलं होतं तुम्हाला. ती वाचणार."