चालू स्थितीतील घटकाच्या वारशाबाबत

मी, खाली सही करणार, विधुर, निवृत्त प्रोग्रामर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. तूर्त मला अनेक गोष्टी कळेनाशा झाल्या आहेत. परंतु न कळणे आणि भान नसणे या कायद्याच्या दृष्टीने भिन्न बाबी आहेत, असे वकीलबाईंनी सांगितल्यामुळे पुढे लिहितो.

कलम १. राहते घर, त्यातील सामानसुमानासह, माझ्या एकुलत्या मुलीस मिळावे. स्वयंपाकघरातील मधल्या फळीवरचे डबे कैलासवासी पत्नीने लावले त्याच क्रमाने आहेत. तो क्रम मला उमगलेला नाही. मुलीने बदलल्यास माझी हरकत नाही.

कलम २. बँकेतील ठेवीही तिलाच. त्यातून तिने माझ्या स्मरणार्थ काहीही उभारू नये. बाकसुद्धा नको.

कलम ३. ड्रिल मशीन पत्नीच्या थोरल्या बंधूंना द्यावे. ते मूळचे आपलेच आहे, असे ते प्रत्येक भेटीत सांगतात. मला तसे आठवत नाही. हेच गृहस्थ एकदा चारचौघांत म्हणाले होते, "आमची धाकटी दिवसभर टकटक करते, पण दिसत तर काहीच नाही!" त्यावर ती हसून म्हणाली, "दादा, दिसायला लागलं की बिघडलंय समज." हे उत्तर त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवावे व मगच ड्रिल त्यांच्या हाती द्यावे.

कलम ४. मागच्या खोलीतील सर्व्हर, तो चालू स्थितीत, म्हणजे क्षणभरही बंद न करता, मुलीच्या ताब्यात द्यावा.

या कलमाचा खुलासा करणे भाग आहे. पत्नी व मी मिळून एका डायलिसिस केंद्राची संगणकीय कामे पाहत होतो. केंद्राच्या वेबपानांमागे, याच सर्व्हरवर, आम्ही लिहिलेले घटक काम करीत. घटक म्हणजे प्रोग्रामचा असा तुकडा, की जो एका ठरावीक यंत्रातच राहतो व ज्याला नावाने हाक मारून जागे करावे लागते. बिलांचे व अहवालांचे घटक माझे होते. कोणत्या रुग्णाला कोणती खुर्ची द्यायची, हे ठरविणारा घटक तिचा. माझ्या घटकांना एक प्रश्न विचारावा, एक उत्तर घ्यावे. तिच्या घटकाशी मात्र बोलत राहावे लागे: अमुक आजोबा आले, तमक्या काकूंना खिडकी हवी, दोघा मित्रांना शेजारी बसवा. तो ऐकत असे, लक्षात ठेवीत असे. अशा घटकाचा नियम असा, की कोणीतरी त्याला धरून ठेवले आहे तोवर तो जागा राहतो. शेवटच्याने सोडले की तो आपोआप नाहीसा होतो.

ती गेली त्या दिवशी सकाळी तिनेच त्याला जागे केले होते. दवाखान्यातून परतल्यावर मी माझ्या संगणकावरून त्याला धरले. तेव्हापासून सोडलेले नाही.

आता मुलीने ही सर्व कामे वेब सर्व्हिसवर नेली आहेत. माझ्या घटकांची रवानगी झाली तेव्हा मला काही वाटले नाही. मात्र ही सर्व्हिस नेमकी काय वस्तू आहे, हे मला अद्याप कळलेले नाही. मालमत्तेची यादी करताना वकीलबाईंनाही ते कळले नाही.

"ती असते कुठे?" त्यांनी विचारले.

"कुठेही," मुलगी म्हणाली. "तिचा फक्त पत्ता असतो."

"पत्ता आहे म्हणजे जागा असणार."

"जागा बदलली तरी चालते. आपण त्या पत्त्यावर सगळं एका दमात लिहून पाठवायचं, ती उत्तर देते आणि आपल्याला विसरून जाते. लक्षात ठेवायचं ते सगळं वेगळं नोंदवलेलं असतं."

"विसरते?" मी म्हणालो. "मग आजोबांचं अर्धं सांगून झाल्यावर..."

"अर्धं सांगायचंच नाही, बाबा. मध्ये थांबून ऐकत बसायला तिथे कोणी नाही."

"तुझी आई बसायची."

मुलीने वकीलबाईंसमोरची यादी सरळ केली. मग म्हणाली, "बाबा, खुर्च्यांच्या नोंदींना आईच्या घटकाचं कुलूप लागलंय. माझी सर्व्हिस रोज सकाळी थांबून राहते. आईचा घटक जागा आहे तोवर ते कुलूप निघत नाही. केंद्रातून आता त्याला कोणीच हाक मारत नाही. तरी कोणीतरी धरून बसलंय."

कोण, हे तिला माहीत होते.

त्याच दिवशी केंद्रातील मोठ्या सिस्टरांचा फोन आला. संगणक अडल्यापासून त्या फळ्यावर खडूने नावे लिहून खुर्च्या वाटतात. "काका, बाहेर बाकांवर भांडणं लागलीत. एक बाई सुई टोचायच्या आधीच घेरी येऊन पडल्या. तुमचं काय ते आज सांगा. नाहीतर साहेब दुसऱ्या कंपनीला बोलावतायत, मग तुमच्या लेकीची मेहनत गेली पाण्यात."

मी सांगितले, की मृत्युपत्रात सोय करीत आहे.

"म्हणजे तुम्ही जाईपर्यंत आम्ही फळा पुसायचा?" त्या म्हणाल्या.

संध्याकाळी वकीलबाईंनी कलम ४ मोठ्याने वाचले आणि चष्मा काढला. "काका, मुलगी राहते दुसऱ्या गावी. चालू यंत्राचा ताबा तिला द्यायचा कसा? न्यायचं तर प्लग काढावा लागेल ना?"

इतकी वर्षे यंत्रांत काढून हे माझ्या ध्यानात आले नव्हते. यंत्र येथेच ठेवावे म्हटले, तर मुलीला हे घर ना विकता येणार, ना भाड्याने देता येणार. त्यातून तिला मिळणार काय, तर एक कुलूप.

"कोड आहे माझ्याकडे," मुलगी म्हणाली. "आईची एकेक ओळ वाचलीय मी. नवी सर्व्हिस तिच्यावरूनच केलीय. खिडकीवाल्या काकूंना खिडकीच मिळेल."

"पण हा तिने स्वतः जागा केलेला आहे."

"माहितेय." ती म्हणाली. "आईचं मला द्यायचं असेल ना बाबा, तर मला घेता येईल असं द्या."

कलम ४, सुधारित. पूर्वीचे कलम ४ रद्द समजावे. आज सकाळी, मुलगी शेजारी उभी असताना, मी घटक सोडला. काही आवाज होईल, निदान पडद्यावर काही उमटेल, अशी माझी समजूत होती. तसे काही झाले नाही. यंत्राचा पंखा पूर्ववत फिरत राहिला. मी बराच वेळ पाहत बसलो. काय पाहत होतो, ते सांगता येणार नाही. थोड्या वेळाने सिस्टरांचा निरोप आला: सगळे बसले, दोघे मित्र शेजारीशेजारी.

सर्व्हर आता बंद करता येतो. तो मुलीने हवा तेव्हा न्यावा किंवा भंगारात द्यावा. मालमत्तेच्या यादीत "घटक" या शब्दापुढे काय लिहावे, असे वकीलबाईंनी विचारले. मुलीने त्यांच्याकडून पेन घेतले व लिहिले: "मिळाला."

साक्षीदार:
१. मोठ्या सिस्टर, डायलिसिस केंद्र (सही)
२. समोरचे घड्याळवाले (सही)

लिहून देणार: (सही)
ठिकाण: मागची खोली
दिनांक: घटक सोडला तोच दिवस, दुपार