गाळलेले मोठे पाऊस

मी, खाली सही करणारी, निवृत्त संख्याशास्त्रज्ञ, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वहस्ते लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मी रागात आहे, हा दाखला माझा मीच देते.

१. टेकडीवरचे राहते घर सामानासकट माझ्या धाकट्या बहिणीला. अट एकच: पावसाळाभर तिने इथेच राहावे. ओढ्याकाठच्या नव्या वसाहतीतल्या तिच्या तळमजल्यावरच्या घरात एक रात्रही काढू नये.

२. ती वसाहत पावसाच्या ज्या अहवालाच्या जोरावर उभी राहिली, तो तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने लिहिला. हे काम त्याला मीच शिकवले. प्रत्येक वर्षातला सर्वांत मोठा पाऊस निवडायचा, ते आकडे ओळीने मांडायचे आणि ते खरेच चढत चालले आहेत की नुसता योगायोग आहे, हे तपासायचे. ते चढत होते. पठ्ठ्याने अलीकडचे मोठे आकडे ‘मापकाची चूक’ म्हणून गाळले, जुने तेवढे ठेवले आणि लिहिले, ‘कल आढळत नाही.’ अतिवृष्टीच्या अभ्यासातून अतिवृष्टीच वगळली! वर मला म्हणतो, "मावशी, संशयास्पद आकडा गाळायचा, हे तूच शिकवलंस ना?" शिकवले होते. पण आधी शेजारच्या पर्जन्यमापन केंद्रांवर किती पाऊस पडला ते बघ, हेही शिकवले होते. तिथेही तेवढाच कोसळला होता. ज्याला कडेवर खेळवले, त्याने माझ्याच विद्येने माझा गळा कापला.

३. बहिणीला हे सांगितले, तर म्हणाली, "ताई, पोटचा मुलगा आईला बुडवेल का गं?" तेव्हापासून अबोला आहे. हे मला जास्त लागले. तरी घर तिचेच.

४. पुस्तके वाचनालयाला. संगणक, जो उचलून नेईल त्याला.

५. भाच्याला माझे पर्जन्यमापक. ते आईच्या अंगणात लावून रोज स्वतः वाचावे. बाकी दमडीही नाही.

६. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते आणि डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे. पाऊस काही माझ्या मरणाची वाट बघत थांबणार नाही. म्हणून कलम एक आजपासूनच लागू. धाकटे, पुरे झाला रुसवा. भांडायचे ते इथे येऊन भांड. दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या शिवणकामवाल्या, किल्ली घेऊन तुझ्याकडे येत आहेत. त्यांनी तुझे उत्तर खाली लिहावे.

ठिकाण: राहते घर
दिनांक: २८ मे
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. (सही) डॉक्टर
२. (सही) शेजारच्या शिवणकामवाल्या

उत्तर: किल्ली घेतली नाही. म्हणाल्या, "मुलाला विचारून सांगते."