माझ्या साच्यातून निघालेले कै. मामा

विश्रामबाग, सांगली
फेब्रुवारी १९९९

ती. नानासो मामांस,

क्षमाचा साष्टांग नमस्कार. तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. (हे वाक्य दरवेळी सवयीने लिहिते, आज हात जोडून लिहीत आहे.) गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे खुशाल, फक्त माझ्या हुशारीचे हसे झाले आहे.

माझ्या लग्नानिमित्त आजोळच्या मंडळींची वेबसाइट करायची मला हौस आली. माणशी एक पान. दोन-चार पाने हाताने केली आणि कंटाळले. मग ठरवले, एकच साचा करायचा, नाव-माहितीच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि त्या भरून पाने काढणारा प्रोग्रॅम आपणच लिहायचा. (हाताने सगळी पाने एका दुपारी झाली असती. प्रोग्रॅमला महिना लागला.) साच्यासाठी मान म्हणून आजोबांचे पान घेतले. त्यांचे नाव पुसले, पण आधीचे ‘कै.’ तसेच राहिले. बटण दाबले आणि आख्खे आजोळ कैलासवासी! न बघताच मी ते इंटरनेटवर चढवले आणि ऐटीत चहा प्यायले. त्यात कै. क्षमासुद्धा आहे, लग्नाच्या तारखेसह. पण तिच्यासाठी कोणी रडल्याचे ऐकिवात नाही.

शिरवळच्या तुमच्या चुलतभावाच्या देवदत्तने अमेरिकेत नेमके तुमचेच पान उघडले. तुमचा साताऱ्याचा फोन बंद, म्हणून त्याने शिरवळला घरी कळवले. तुमच्या घरी चूल पेटली नसेल म्हणून ती मंडळी पिठलं-भाकरी घेऊन आली, आणि दार उघडून तुम्हीच सुभेदारी आवाजात “कोन गेलं?” विचारलंत. हरणाबाईंच्या हातून डबा सुटता सुटता राहिला म्हणे.

आता तुम्ही लग्नाला येणार नाही असा निरोप आला आहे. आई धड जेवत नाही. मामा, पाठीशी तुम्ही नसलात तर मी बोहल्यावर कुणाच्या भरवशावर उभी राहू? साचा दुरुस्त केला आहे. राग सोडा.

तुमची (एकेकाळी हुशार) भाची,
क्षमा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच तुमच्या शेजाऱ्यांकडून मामींचा फोन आला. “अगं, पिठलं मिटक्या मारत खाल्लं त्यांनी. पर शिरवळचं आलं आन् सख्ख्या बहिनीच्या घरचं एक मानूस रडाय आलं न्हाई, म्हनून लय फुगल्यात.” मामा, आम्हाला कुणी कळवलेच नाही हो. कळले असते तर आई अनवाणी धावत आली असती.

आणखी एक. साच्यातून ‘कै.’ काढले ते सगळ्यांचेच निघाले, आजोबांचेही. त्यांचे परत घालायला बसले तर आईने माझा हात धरला. म्हणाली, “लग्नापुरतं राहू दे गं.” तेव्हा लग्नाला तुमचे वडील आहेत. तुम्हीही या.