शिफारशीतून राहिलेला भाऊ

धाराशिव,
९ डिसेंबर २०२४

ती. दादांस,
धाकट्या कुमारचा सा. न. वि. वि.

फोन सोडून कागद घेतला. पॅनहाउसच्या आवाजानं तुमचे कान गेलेत, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

नव्या मालकांनी कारखान्यातल्या सगळ्यांची प्रतवारी लावली आहे. सर्टिफिकेट असेल तो कुशल, नसेल तो मदतनीस, पगार त्याप्रमाणं. यादी मुख्य कार्यालयातून आमच्या आस्थापना विभागानं, म्हणजे मीच केली. तुमचं नाव मदतनिसांत गेलंय. सव्वीस वर्षं तुम्ही पॅनवर साखरेचा पाक शिजवताय, दाणा धरला की नाही ते बोटावर घेऊन सांगताय, हे कारखाना जाणतो. पण फॉर्मवर बोटाला रकाना नाही. तुमच्यापुढं फक्त ‘सातवी पास’ आहे. पॅनवर आता कृष्णराज नावाचा डिप्लोमावाला मुख्य म्हणून येईल. वय सव्वीस, म्हणजे तुमच्या नोकरीएवढं. नियमापुढं माझा इलाज चालला नाही.

पगार किती उतरेल तो आकडा लिहायला हात धजत नाही. वहिनींना तुम्हीच सांगा. आमच्या अर्पिताची सहामाही बरी गेली. थंडी आहे, मफलर वापरत जा.

रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नये, एवढंच मागणं.
तुमचा,
कुमार

कारखाना वसाहत, ईट
२२ डिसेंबर २०२४

चि. कुमार यास अ. उ. आ.

पत्र पावलं. वरचा मजकूर साहेबाचा आणि खालचा मफलर भावाचा. मफलर लई आवडला.

तुझ्या वहिनीला सांगितलं. सिताबाई म्हणाली, सव्वीस वर्षं हे सांगत होते की माझ्याबिगर साखर व्हत न्हाय, आज कागद आला तेव्हा खरं काय ते कळलं. तवापासून भाजीत मीठ कमी पडलं तरी म्या बोलत न्हाय. मदतनिसानं चव सांगू नये.

कृष्णराज साहेब गुणाचा आहे. पहिल्या दिवशी डिप्लोमा घेऊन पॅनसमोर उभा राहिला, पण पॅनला कुठं वाचता येतंय. मग हळूच विचारलं, काका, उतरवायचा का. म्या म्हणलं, दम खा, दोन मिनिटं आहेत अजून. तवापासून आमी दोघं मिळून साखर करतोय. दाणा माझ्या बोटावर, सही त्याची. आपला बाप मेंढीच्या पाठीवर हात ठेवून वजन सांगायचा. बाजारात कुणी त्याला इयत्ता विचारली न्हाय.

आता एक विचारतो. हिंमतराव तुला ठाऊक, चौथी नापास. म्याच त्याला पॅनवर आणलं, दाणा ओळखायला शिकवलं. परवा तो पेढे घेऊन आला. त्याच्या कागदावर ‘कुशल’ लिहून आलंय. त्याच्यासंगं आणखी दहा जणांच्या. सर्टिफिकेट एकाकडं बी न्हाय. पेढा ग्वाड व्हता, नियम तेवढा कळला न्हाय. तू शिकलेला, समजावून सांग.

जीव आहे तो आहेच, उत्तरावर टांगलेला न्हाय.
तुझा दादा,
धुळाप्पा

धाराशिव,
३० डिसेंबर २०२४

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार दिवस खणात ठेवलं आणि त्या खणातलं काही लागलं तर शेजारच्या टेबलावरून मागून घेतलं.

पहिल्या पत्रात मी नियम अर्धाच लिहिला. उरलेला अर्धा असा: सर्टिफिकेट नसलं, पण पंधरा वर्षांचा अनुभव असला आणि आस्थापना अधिकाऱ्यानं शिफारस केली, तर कुशल धरायचं. बारा नावं समोर होती. अकरांवर सही केली. हिंमतरावांच्या शिफारशीत तर मी लिहिलंय, धुळाप्पांच्या हाताखाली तयार झालेले, म्हणून भरवशाचे. उरलेलं नाव तुमचं. तिथं पेन थांबलं. ऑफिसात म्हणाले असते, कुमारनं भावाला वर चढवलं. मला स्वच्छ राहायचं होतं, आणि राहिलो तुमच्या पगारावर. साहेबांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं, की सख्ख्या भावालाही सोडत नाही असा माणूस हवा. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

महानंदाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की स्वतःच्या नावासाठी भावाच्या ताटातलं उचलणारा नवरा मिळेल असं लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

काल तुमची शिफारस लिहून दिली. नात्याच्या रकान्यात ‘सख्खा भाऊ’ लिहिलं. साहेबांनी परत केली. नातेवाइकाची सही चालत नाही, दुसऱ्या अधिकाऱ्यानं काम पाहून द्यावी. तेव्हाच दुसऱ्याला विचारलं असतं तर एका दिवसाचं काम होतं. आता पॅनवरचा अधिकारी एकटा कृष्णराज. तुम्ही कुशल ठरलात तर मग तुझं तिथं काय काम, असं मालक त्याला विचारतील. मुदत दहा जानेवारी.

ईट एसटीनं दोन तासांवर आहे. समोर यायचं धाडस नाही. माफीही मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल.

लोभाबद्दल लिहायला आज तोंड नाही.
कुमार

कारखाना वसाहत, ईट
१२ जानेवारी २०२५

चि. कुमार यास आशीर्वाद. या खेपेला नुसतेच. ‘अनेक उत्तम’ पुढं बघू.

कृष्णराज साहेबानं दहा तारखेला सही केली. आधी म्हणाला, काका, नियमानं काम बघावंच लागंल. मग सहा तास पॅनजवळ उभा राहिला, एकदाबी मधी बोलला न्हाय. म्या पाक काचंवर घेतला, बोटांत चोळला, वेळ झाली तसा उतरवला. त्यानं लिहिलं, हा माणूस कुशल आहे. आणि त्याच्याच खाली लिहिलं, हे काम मला अजून येत नाही. म्या म्हणलं, खालचं खोडा, नोकरी जाईल. तो म्हणाला, खालचं खोडलं तर वरचं कोण खरं मानंल. त्याचं पुढं काय व्हईल ते अजून कळलं न्हाय. त्याची काळजी लागली आहे.

माझा पगार जानेवारीपासून सुधारला. डिसेंबर गेला तो गेला.

राग आला. पण सही केली न्हाईस त्याचा थोडाच. तुला चार लोकांत बसायचं असतं, ते कळतंय. हिंमतरावाच्या कागदावर तू माझं नाव घातलंस, त्याचा जास्त आला. धुळाप्पाच्या हाताखाली माणूस तयार व्हतो, हे तुला कुणी सांगितलं? एकोणीस वर्षं आपण एकाच कारखान्यात आहोत आणि तू पॅनहाउसचा जिना एकदा चढला न्हाईस. म्या काय करतो ते तुला ऐकून ठाऊक. कृष्णराज परका, तो सहा तास उभा राहिला.

हंगाम मार्चपर्यंत आहे. एक दिवस ये. सहीचं पेन घरी ठेव. पाक चढल्यापासून उतरंपर्यंत माझ्या शेजारी उभा राहा आणि बघ. तिथं खुर्ची न्हाय, कुणालाच न्हाय.

बाकीचं प्रेमाबिमाचं तेव्हा तोंडी बोलू. ऐकू येत न्हाय, तरी बोलू.
दादा