पाणी ना राख

2 फेब्रुवारी, सकाळी 6:20
चाळीत सहा घरं, संडास दोन. डावा पंधरा दिवस तुंबलाय. उजव्यासमोर लाईन. मी ठरवलं, डाव्याचा कंपोस्ट टॉयलेट करणार. व्हिडिओत बघितलंय. खाली ड्रम, वर सीट, आत पाणी अजिबात नाही, दर वेळी वरून डबाभर राख. वास नाही, गटार नाही, वर्षभरात खत. अख्ख्या बडोद्यात होईल. आधी मकरपुरा.

संध्याकाळी
पप्पांना सांगितलं. म्हणजे आईला सांगितलं, तिने पप्पांना. पप्पा म्हणे, नववीत शाळा सोडली, आता अठराचा झाला, वाघोडियाला कंपनीत पॅकिंगला लावतो. आई बरंच बोलली. मग पप्पा म्हणे, पंधरा तारखेपर्यंत कर. वास आला तर सोळाला कंपनीच्या बसमध्ये बसायचं.
बसमध्ये पन्नास जण. पन्नास वेळा केम छो. नको.

5 फेब्रुवारी
ड्रम आणला. इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख, तीन गोणी. मागावी लागली नाही. अर्धा तास समोर उभा राहिलो, त्यानेच विचारलं शूं जोइए. बोट दाखवलं.

9 फेब्रुवारी, सकाळी 7:00
सगळं रेडी. आत्ता पाचही घरी जाऊन समजावणार. मुद्दे पाठ आहेत.

7:10
शेजारच्या पूर्वीबेनचा कुकर चालू होता. डिस्टर्ब नको.

7:15
बाकीच्यांचे पण कुकर असतील.

10:00
बोर्ड लावला. लोक तोंडी सांगितलेलं विसरतात. गुजरातीत, लाल रंगात, शॉर्टमध्ये: पाणी ना राख. शेजारी राखेचं पिंप. धुवायची जागा कोपऱ्यात वेगळी, तिथे पाण्याची बादली.
शर्वरीताई म्हणते मी लाजाळू. मी कमी बोलतो. फरक आहे.

10 फेब्रुवारी
सकाळी अकरा जण गेले. पप्पा काही बोलले नाहीत, म्हणजे खूश.

12 फेब्रुवारी
राख कमी होत नाहीये. लोक काटकसरी आहेत. बादली मात्र दर वेळी रिकामी. स्वच्छता आवडते लोकांना.

13 फेब्रुवारी
थोडा वास. वारा गटाराकडून आहे.

14 फेब्रुवारी
ड्रम डचमळतोय. खताला सुरुवातीला पाणी सुटत असेल.

15 फेब्रुवारी, सकाळी
ड्रम ओसंडला. पूर्वीबेन चप्पल हातात घेऊन दारात. म्हणे, भाई, तू लिहिलंस तसंच केलं. पाणी ना राख. एक थेंब राखला नाही, रोज अख्खी बादली आत ओतली.
ताई हसून हसून खाली बसली. म्हणे, शहाण्या, गुजरातीत राख म्हणजे ठेव पण होतं. ‘ना’नंतर स्वल्पविराम कुठाय? शाळा नववीत सोडलीस, स्वल्पविराम पाचवीत होता.

संध्याकाळी 7:00
पप्पा ओरडले नाहीत. नाकाला रुमाल बांधून माझ्याकडून ड्रम साफ करून घेतला. म्हणे, आयडिया खोटी नाही. आत्ता पाचही घरी जा, तोंडाने सांगून ये, अजून पंधरा दिवस देतो. नाहीतर सकाळी सहाची बस.
सोपं आहे. एकच वाक्य. निघालो.

8:10
जाऊन आलो. पूर्वीबेन म्हणाल्या, बोल दीकरा, शूं काम हतुं? मी म्हटलं, पाणी.
त्यांनी प्यायला दिलं.
पाचही घरी प्यायलो. ग्लास मोठे होते.

8:40
आई विचारतेय उद्या डब्यात काय देऊ. आता जोरात लागलीय. उजव्यासमोर चार जण. आधी जाऊ द्या म्हणायला पाहिजे.
लाईनमध्ये शेवटी उभा राहतो.